झिंगा कशाने मेला, हे आधी कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये घेतला. आमच्या भंडारा जिल्ह्यात तळ्यांवर पोट असलेली घरे पुष्कळ. कोहळी समाजाने बांधलेले जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव, शेतकऱ्यांच्या बोड्या म्हणजे शेतातली लहान तळी, अलीकडची प्लास्टिकची पन्नी अंथरलेली शेततळी, सगळीकडे या निर्णयाचे स्वागत झाले. मलाही आनंद झाला. विजेची सवलत, कर्ज, विमा यांची चर्चा झाली. पण धानावर करपा आला तर कृषी सहायकाला पान दाखवता येते, म्हैस आजारली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेता येते. तळ्यातला झिंगा मरू लागला तर तो कोणाला दाखवायचा, याचे उत्तर आमच्या तालुक्यात आज कोणाकडेच नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते लांबले आहे, पण शक्य झाल्यास काटछाट न करता छापावे ही विनंती.

मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. थुंकीच्या काचपट्ट्या रंगवून क्षयाचे जंतू शोधायचे, हिवतापासाठी रक्त पाहायचे, यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरच्या धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या बोडीत मी रोहू आणि कटला हे मासे पाळते, जोडीला जंबो झिंगा, म्हणजे गोड्या पाण्यात वाढणारी मोठी कोळंबी. माशापेक्षा झिंग्याला भाव कितीतरी चांगला मिळतो आणि तो तळाचे खातो, त्यामुळे कटल्याशी त्याचे भांडण होत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर पाणी गार व्हायला लागते. थंडीत झिंगा खाणे कमी करतो, वाढ थांबते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी बीज सोडायचे आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत काढायचे, एवढाच काळ हाती असतो. त्या मधल्या महिन्यांत मर लागली की वर्ष गेले.

आणि मर लागते ती बहुतेक वेळा पोळ्याच्या आसपास. रोवणी आटोपलेली असते, झड लागलेली असते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हाशिवाय मरते, तळाशी बसते आणि सडते. पहाटे पाण्यातला प्राणवायू लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली उतरला की झिंगे पाळीला, म्हणजे तळ्याच्या काठाच्या बांधाला, येऊन चिकटतात. एरवी हात लावू न देणारा झिंगा त्या वेळी मुठीत सापडतो. ही पहाट ज्याने पाहिली त्याला पुढचे सांगावे लागत नाही. दोन-चार दिवसांत कवचावर तपकिरी-काळे डाग दिसू लागतात, मिशा तुटतात, पायांची टोके झडतात, कल्ले काळवंडतात. आमच्या शेजारच्या तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे. तिथले एक वयस्कर ढिवरदादा अशाच एका सकाळी घमेल्यात झिंगे घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, अंगावर डाग पडले जी. तुम्ही दवाखान्यात होत्या, औषध सांगा."

मी औषध सांगितले नाही. आधी झिंगा पाहिला.

हे डाग म्हणजे काय, ते लिहिते, कारण झिंगा पाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कोणी ते नीट सांगितलेले आहे. झिंग्याचे कवच कायटिन या टणक पदार्थाचे असते. तळ्याच्या पाण्यात आणि गाळात कायटिन विरघळवून खाणारे जिवाणू कायमच असतात, मेलेल्या किड्यांची आणि टाकलेल्या कातींची विल्हेवाट तेच लावतात. धडधाकट झिंग्याच्या कवचावर वरून एक पातळ थर असतो, तो शाबूत असेपर्यंत या जिवाणूंचे काही चालत नाही. जखम झाली की वाट मिळते. जखमा कशाने होतात? दाटीने. जंबो झिंग्यातले निळ्या नांग्यांचे मोठे नर आपली जागा राखतात आणि इतरांना मारतात. जाळे ओढताना पाय तुटतात. नुकतीच कात टाकलेला झिंगा मऊ असतो, त्याला लपायला जागा नसली की दुसरे त्याला टोचून खातात. जखमेतून जिवाणू आत शिरले की झिंग्याचे शरीर तिथे काळे रंगद्रव्य साठवून बांध घालते. आपल्याला दिसतो तो काळा डाग झिंग्याने स्वतः घातलेला तो बांध असतो. घाव वरवरचा असेल तर पुढच्या कातीबरोबर डाग निघून जातो आणि झिंगा बरा होतो. खोल असेल तर कात तिथेच अडकते आणि कात टाकता टाकता तो मरतो.

म्हणजे डाग पाहून घाबरून जायचे नाही, पण डाग वाढत असतील तर तळ्यात काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. गर्दी, गाळ किंवा प्राणवायू. यातले एकही पुडीतल्या औषधाने दुरुस्त होत नाही.

काही झिंगे मात्र डाग नसताना मरत होते. सुस्त, पोट रिकामे, शेपटीचे मांस दुधाळ. हे मला जास्त काळजीचे वाटले. मी घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पाहिले. पायाच्या मुळाशी बारीक सुईने ते घेता येते, पण फार लवकर गोठते, म्हणून हात चालता लागतो. ते लाल नसते, त्यात आपल्यासारखे लोहाचे हिमोग्लोबिन नसून तांब्याचे हिमोसायनिन असते. जिवाणूंचे गट ओळखायची ग्राम नावाची रंगपद्धत आहे, तिने काचपट्टी रंगवली तर गुलाबी दांडके दिसले, ग्राम-निगेटिव्ह. गोड्या पाण्यात असे दांडके दिसले की पहिला संशय एरोमोनास या जिवाणूवर जातो. तो प्रत्येक तळ्यात असतो, रोहूच्या अंगावर लाल चट्टे आणि व्रण उठतात तेही बरेचदा त्याच्यामुळे. पण नुसत्या रंगावरून जात ठरत नाही. शिवाय मरणाऱ्या जनावरात जिवाणू सापडले म्हणून तेच कारण, असेही म्हणता येत नाही. आधी दुसऱ्याच कशाने झिंगा खचला असेल आणि हे मागून घुसले असतील. इथून पुढे जायला जिवाणू वाढवून पाहावे लागतात, कोणत्या औषधाला ते मरतात ते तपासावे लागते, विषाणूसाठी पीसीआर, म्हणजे त्याचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करावी लागते. ते माझ्या ओसरीवर होणारे काम नाही.

दुधाळ शेपटीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि औषध इथेच वाया जाते. बीज सोडल्यावर लहान पिल्लांच्या शेपट्या पांढऱ्या पडून चार-सहा दिवसांत जवळजवळ सगळे बीज मेले, तर तो बहुधा विषाणू असतो. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर १९९५ मध्ये तो प्रथम दिसला आणि पुढच्या काही वर्षांत भारतातल्या संवर्धन केंद्रांतही पोचला. त्यावर औषध नाही, जगात कुठेही नाही. तैवानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या झिंग्यांचे मांस पांढरे पडून मर झाली, तेव्हा सापडला लॅक्टोकॉकस हा गोल जिवाणू, ग्राम-पॉझिटिव्ह, माझ्या काचपट्टीवर तो जांभळा दिसला असता. त्याच तैवानमध्ये आणि चीनमध्ये यीस्ट या बुरशीवर्गातल्या एका सूक्ष्मजीवानेही झिंग्याचे मांस आणि रक्त दुधासारखे केले आहे. आणि कधी यातले काहीच नसते: प्राणवायू कमी पडला, पाणी एकाएकी तापले किंवा जाळ्यात फार वेळ हाताळले गेले, तरी झिंग्याचे मांस पांढरे पडते.

विषाणू, जिवाणू, यीस्ट, नुसता ताण. चारही वेळा घमेल्यात दिसतो तो पांढरा झिंगाच. जिवाणूचे औषध यातल्या एकाच ठिकाणी लागू पडेल, तेही योग्य औषध असेल तर. बाकी तीन ठिकाणी ते फुकट जाते. फुकट जाते हा शब्दही अपुरा आहे, ते नुकसान करते.

ढिवरदादांच्या संस्थेने माझ्याकडे येण्याआधीच बाजारातल्या एका दुकानातून पावडर आणली होती. दुकानदाराने झिंगा पाहिला नव्हता, मोबाइलवरचा फोटो पाहिला होता. पुडीवर माशांचे चित्र होते, मोठे नाव होते, आत काय आणि किती हे छापलेले नव्हते. दुकानदाराने तोंडी सांगितले की ऑक्सिटेट्रासायक्लिन आहे, पाण्यात शिंपडा. मी तिथेच कागदावर हिशेब मांडून दाखवला. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पाणी चार फूट धरले तर साधारण ४९ लाख लिटर. पुडी अर्ध्या किलोची, त्यातले अस्सल औषध पाव किलो धरले तरी लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. शिवाय हे औषध पाण्यातल्या कॅल्शियमला आणि गाळाला चिकटून बसते, उन्हाने नासते, आणि संस्थेने त्याच आठवड्यात चुना टाकलेला होता. गावातल्या कोणाला ताप आला म्हणून गावविहिरीत एक गोळी टाकावी, तसा हा उपचार. झिंग्याला त्याचा उपयोग शून्य. पण तळ्यातल्या कोट्यवधी जिवाणूंना औषधाची ओळख करून द्यायला एवढी मात्रा पुरते.

खाद्यातून द्यावे, असेही सांगतात. आजारी झिंगा खात नाही. जो खातो तो धडधाकट असतो, औषध त्याच्या पोटात जाते. उरलेले खाद्य तासाभरात पाण्यात विरघळते.

मी आयुष्यभर क्षयाच्या काचपट्ट्या पाहिल्या आहेत. अर्धवट औषध घेतलेले, मधेच सोडलेले रुग्ण पुन्हा येत, आणि मग पहिली औषधे त्यांना लागू पडत नसत. तरुण माणसे, लेकुरवाळ्या बाया. औषधाला न जुमानणारा जंतू तयार होणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. एरोमोनास माणसालाही सोडत नाही. चिखलात पाय कापला, त्या जखमेत तो शिरला तर पाय सडवू शकतो. आमच्या बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रोवणी करतात, मच्छीमार दिवसभर तलावात असतात. तलावाचे पाणी बांध्यांना जाते, गुरे तेच पितात. हे जिवाणू औषधाला दाद न देण्याचा गुण एकमेकांना देऊ शकतात, दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. तळ्यात ओतलेले औषध म्हणजे रुग्णालयातल्या आमच्या औषधांच्या कपाटातूनच काढून घेतलेले औषध आहे, असे मी समजते.

सरकारला हे कळत नाही असे नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचे म्हणून राखलेले औषध कोंबड्या, जनावरे आणि मत्स्यपालन यांत वापरायला केंद्राने २०१९ च्या जुलैमध्ये बंदी घातली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना खाण्याच्या मासळीत मनाई आहे. पण मनाई कागदावर असते, आणि आमच्या बाजारात बिननावाची पुडी मिळते. खाऱ्या आणि मचूळ पाण्यातल्या कोळंबी प्रकल्पांवर नजर ठेवायला २००५ चा किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा आहे. त्या कायद्यातच गोड्या पाण्यातली शेती स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. किनाऱ्यावरच्या तलावाला नोंदणी, निकष, तपासणी, आणि आतल्या जिल्ह्यातल्या झिंग्याला त्यातले काहीच नाही. खाणाऱ्याच्या ताटात मात्र दोन्ही सारखेच येतात.

झिंग्याकडे दुर्लक्ष केल्याचा फटका देशाने एकदा खाल्ला आहे. आंध्र आणि बंगालमध्ये जंबो झिंग्याची लाट आली होती, परदेशी बाजारात त्याला स्कॅम्पी म्हणतात. २००५-०६ च्या सुमारास देशाचे उत्पादन चाळीस हजार टनांच्या वर गेले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दहा हजारांच्याही खाली आले. त्याच त्या गोतातले नर-मादी पिढ्यान्पिढ्या वापरल्याने वाढ खुंटली, रोग आले, आणि २००९ पासून वेनामी ही परदेशी जातीची कोळंबी आल्यावर लोक तिकडे वळले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीफाने, नंतर निवडीने चांगल्या वाढीचा झिंगा तयार केला आहे. आता पुन्हा आमच्यासारख्या जिल्ह्यांत झिंगा रुजतो आहे. नवे वाण जुन्याच सवयींत सोडले तर वेगळे काय होणार?

बीजाचा प्रश्नही यातच येतो. जंबो झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्ले मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. हजार भाग पाण्यात बारा ते पंधरा भाग क्षार लागतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने हे शोधून काढले, तोवर गोड्या पाण्यात पिल्ले का मरतात हे कोडे होते. त्यामुळे आमचे बीज बहुतेक समुद्राकाठच्या संवर्धन केंद्रांतून येते, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, रात्रभराचा प्रवास करून. तिथल्या टाक्यांतले रोग वेगळे. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू माजतात, त्यातला एक तर असा की लागण झालेली पिल्ले अंधारात चमकतात. गोड्या पाण्यात आल्यावर व्हिब्रिओ मागे पडतो, पण पिल्ले अशक्त येतात, आणि विषाणू असेल तर तोही पिशवीतून येतो. पिशवीवर आम्हाला नग किती ते कळते, तपासणी झाली की नाही ते कळत नाही. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापावी लागते. मग झिंग्याच्या बीजाबरोबर पीसीआर तपासणीचा दाखला का नको?

आता माझे मागणे. मोठी इमारत मला नको आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक टेबल द्या. तिथे सूक्ष्मदर्शक, ग्रामचे रंग, काचपट्ट्या, पाण्याचा सामू (पीएच), प्राणवायू आणि अमोनिया मोजायचे साहित्य एवढे ठेवा. तासाभरात निदान इतके कळते की रक्तात जिवाणू आहेत की नाहीत, असले तर गुलाबी दांडके की जांभळे गोल, की त्यांच्याहून मोठ्या, कळ्या फुटलेल्या यीस्टच्या पेशी, की काहीच नाही आणि दोष पाण्याचा आहे. बरीचशी प्रकरणे इथेच मिटतील, कारण बरीचशी पाण्याचीच असतात. उरलेले नमुने तिथूनच थंड पेटीत नागपूरला जावेत. नागपुरात तेलंखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, उदगीरलाही आहे. तिथून पदवी घेतलेली आमच्याच जिल्ह्यांतली मुले नोकरी शोधत फिरतात. त्यांना या टेबलावर बसवा. हे टेबल केवळ झिंग्यासाठी राहणार नाही. रोहूचे व्रण, कटल्याच्या अंगावरच्या उवा, सगळे तिथे येईल. झिंगा पाळणारे मोजके, त्यांच्यासाठी एवढे कशाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा मामा तलावांची यादी काढून पाहावी.

मासळीच्या रोगाची खबर मोबाइलवरून देण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ॲप काढले, देशपातळीवर २०१३ पासून रोगनिरीक्षणाचा कार्यक्रमही आहे. चांगली गोष्ट आहे, वापरावी. पण फोटोत कवच दिसते, रक्त दिसत नाही. आणि नमुना जिवंत लागतो. मेलेला झिंगा पाण्यात दोन-तीन तास राहिला की सडवणारे जिवाणू सगळीकडे पसरतात, मग त्यातून मूळ कारण कोणीही काढू शकत नाही. इथून नागपूर गाठायला एसटीने निम्मा दिवस जातो. म्हणून पहिली काचपट्टी गावाजवळ रंगवली गेली पाहिजे.

हे होईपर्यंत वाचकांत कोणी झिंगा पाळणारे असतील तर त्यांच्यासाठी थोडे लिहिते. नमुना न्यायचा तर मेलेला नेऊ नका. पहाटे पाळीला आलेले, सुस्त पण जिवंत झिंगे तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. विषाणूच्या तपासणीसाठी दोन-चार वेगळे, प्रयोगशाळेतल्या तीव्र अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या झिंग्यातून जिवाणू वाढवता येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वेगळ्या बाटलीत पाणी घ्या आणि कागदावर लिहा: मर कधी लागली, आदल्या आठवड्यात ऊन होते की झड, काय काय टाकले. टाकलेले लपवू नका, डॉक्टरपासून लपवण्यात जेवढे नुकसान तेवढेच इथे.

मर दिसताच खाद्य थांबवा. पाणी हलवा, पंपाने वरून पाडा, काही का होईना पहाटेचा प्राणवायू वाढला पाहिजे. मेलेले रोज काढा आणि पाळीपासून दूर, चुना घालून पुरा. दुसऱ्या तळ्यात किंवा नाल्यात फेकू नका. एका तलावात ओढलेले जाळे ओलेच दुसऱ्या तलावात नेण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. विदर्भाचे ऊन फुकट आहे, जाळे दोन दिवस वाळू द्या. बोडीत लपायला बांबूच्या फांद्या, जुन्या पाइपचे तुकडे, कौले टाका, त्याने जखमा कमी होतात. आणि उन्हाळ्यात तळ भेगाळेपर्यंत वाळवून, वरचा काळा गाळ खरवडून, मातीचा सामू पाहून चुना द्या. पन्नीच्या शेततळ्यात तो गाळ पन्नीवर चिकटून राहतो, तो हाताने काढावाच लागतो. झिंग्याला कोंबडीसारखी लस टोचून उपयोग नाही, त्याच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिद्रव्ये तयारच होत नाहीत. त्याला वाचवायचे ते तळ्याला निरोगी ठेवूनच.

ढिवरदादांच्या संस्थेने त्या पावडरीच्या उरलेल्या पुड्या दुकानात परत नेल्या. दुकानदाराने घेतल्या नाहीत. संस्थेचे लोक वाईट नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. तलावाचे पाणी नुसते पाहून ते प्राणवायूचा अंदाज बांधतात, मला तसा बांधता येत नाही. ठेक्याची रक्कम भरलेली, बीजाचे पैसे उसने आणलेले, आणि डोळ्यांसमोर झिंगे मरताहेत. अशा वेळी हाताशी दुकानदार सोडून कोणीच नसेल तर माणूस दुकानातच जाणार. दुकानदाराला दोष देऊन मी थांबणार नाही, आणि संस्थेला तर देणारच नाही. त्यांना विचारायला दुसरे दार नाही, ते दार उघडून द्यायचे काम ज्यांच्या हातात आहे त्यांना हे पत्र आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जिल्हा नियोजन समितीची बैठक होईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने दोन प्रश्न विचारावेत: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मासळी आणि झिंग्याच्या तपासणीचे टेबल कधी सुरू होणार, आणि जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या मत्स्यऔषधांच्या पुड्यांवर आत काय आहे ते छापले आहे की नाही, हे कोण तपासते. मिळालेले उत्तर छापावे. बीज जून-जुलैत येते. त्याआधी उत्तर मिळाले तर या हंगामात त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ व झिंगापालक
जि. भंडारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)